प्याला मी चोरला

सदानंद वाघचौरेने त्या वर्षीही विडी सोडली. आदल्या वर्षी याच सतरंजीवर उभं राहून त्याने ती सोडली होती, आणि त्याच्याही आदल्या वर्षी. पोरगा पंधरा वर्षांचा. त्याला विडी ओढताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी आठ दिवस त्याच्या शेजारच्या गादीवर झोपत होतो, त्याच्या अंगाला फक्त खोबरेल तेलाचा वास यायचा. पण सोडताना तो असा हुंदका द्यायचा की पहिल्या रांगेतल्या मुलीही नाकं ओढायला लागायच्या.

कृपागिरीच्या उन्हाळी शिबिराचा तो शेवटचा दिवस. दुपारी तीन वाजता, पत्र्याच्या तापलेल्या सभागृहात साक्षीचा तास भरला होता. साक्ष म्हणजे चारचौघांत उभं राहून सांगायचं, की मी अमुक पाप करत होतो, प्रभूने मला स्पर्श केला, आणि आता मी ते सोडलं. मोठ्या माणसांनी जिवाच्या आकांताने दिलेल्या साक्षी मी ऐकल्या आहेत, त्यांच्याबद्दल मला बोलायचं नाही. आमच्या शिबिरात मात्र साक्षीला गुण होते. गादीची घडी पाच गुण, पाठ केलेलं वचन पाच गुण, आणि साक्ष पंचवीसपर्यंत.

गुण द्यायचे लोंढेसाहेब. शिबिराचे प्रमुख, पांढरा सफारी, गळ्यात शिट्टी. आमच्या पापांचं वजन ते रुमालाने करायचे. रुमाल खिशातून बाहेर आला की दहा, एक घडी उलगडली की पंधरा, आणि पूर्ण उलगडून त्यांनी डोळ्यांना लावला की तो मुलगा किंवा ती मुलगी शिबिरात पहिली. पहिल्या आलेल्याला पुण्याहून आणलेलं, काळ्या रेक्झिनच्या कव्हरचं, चेन असलेलं बायबल मिळायचं. सदानंदच्या विडीला तिसऱ्या वर्षी एकच घडी उलगडली. मला वाटतं साहेबांनाही तिचा कंटाळा आला होता.

मला ते बायबल हवं होतं. म्हणजे बायबल घरात चार होती, मला चेन हवी होती. शिवाय टाकळीच्या स्टँडवर मला एसटीत बसवताना वडील म्हणाले होते, "जयवंत, हात हलवत येऊ नकोस." माझे वडील भास्करराव भांबळ, मिशन शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीचे पंच. त्यांच्या मुलाने पहिलं यायचं असतं हे टाकळीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. गादीत आणि वचनांत मी पुढे होतो. उरली होती साक्ष.

अडचण एवढीच की मी तेरा वर्षांचा होतो आणि माझ्यापाशी धड पाप नव्हतं. रांगेत माझा नंबर चौदावा, आणि माझी जमवलेली पापं एकेक करून पुढची मुलं संपवत होती. शाळेत कॉपी केली, हे रूथ कदमने घेतलं. पेरू चोरले, ते दोघांनी घेतलं. आईशी खोटं बोललो, सिनेमाला गेलो, धाकट्या भावाला मारलं, सगळं गेलं. माझ्या आधीच्या मुलाला काही उरलं नाही, म्हणून त्याने सांगितलं की प्रार्थनेत डोळे मिटल्यावर आपल्याला जेवण दिसतं. त्यावर हशा पिकला आणि लोंढेसाहेबांचा रुमाल आतच राहिला.

मी उभा राहिलो. समोर साठ-सत्तर मुलं, कोपऱ्यात पेटी धरून बसलेल्या बाई, आणि लोंढेसाहेब माझ्याकडे भास्कररावांचा मुलगा म्हणून अपेक्षेने पाहत होते. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "टाकळीच्या मंदिरातला प्याला मी चोरला."

हा प्याला काय होता ते सांगितलं पाहिजे. आमच्या मंडळीत, म्हणजे टाकळीच्या चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या द्राक्षारसासाठी एक चांदीचा प्याला होता. मिशनच्या गोऱ्या मड्डमने मायदेशी जाताना तो माझ्या पणजोबांच्या हातात दिला, असं वडील सांगायचे. परगावचा कोणीही पाहुणा आला की त्याला तो दाखवायचे, आणि शुद्ध चांदी आहे हे दोनदा सांगायचे. त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तो कपाटातून नाहीसा झाला. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक वडिलांकडे आणि एक याकोबबाबाकडे. पंच चोरी करत नसतात, तेव्हा चोर ठरायला वेळ लागला नाही.

याकोबबाबा म्हणजे याकोब रावजी साळवे. मंदिर झाडायचा, घंटा वाजवायचा, बत्तीत तेल घालायचा. तीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. पंचांनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली, घंटेचा दोर काढून घेतला, आणि प्याला परत आणून देईपर्यंत त्याला प्रभुभोजन बंद केलं. मंदिरामागच्या खोलीत तो आणि त्याची बायको सगुणाबाई राहत असत. ती खोली एक जूनला रिकामी करायची असं ठरलं. दोघांना मूलबाळ नव्हतं आणि जायला घर नव्हतं. ईस्टरच्या दिवशी आम्ही आत गात होतो, आणि तो म्हातारा बाहेर लिंबाखाली चप्पल काढून बसला होता. बाहेर बसतानाही त्याने चप्पल काढली होती, हे मी खिडकीतून पाहिलं होतं.

आता उगाच मोठेपणा घेत नाही. तो शब्द तोंडातून गेला तेव्हा याकोबबाबा माझ्या मनात नव्हता. मनात चेन होती. हे पाप अजून कुणी घेतलेलं नाही एवढंच मला दिसत होतं.

लोंढेसाहेबांचा रुमाल बाहेर आला, उलगडला, पुन्हा उलगडला आणि डोळ्यांना लागला. मग त्यांनी व्यासपीठावर येऊन मला छातीशी धरलं. त्यांच्या शिट्टीची कडी माझ्या गालात रुतत होती. प्याला कुठे आहे, असं त्यांनी कानात विचारलं. मी म्हणालो, विहिरीत टाकला. कधी घेतलास? शनिवारी. त्यांनी हात वर करून सांगितलं की स्वर्गात आज आनंद होत आहे, बाईंनी पेटीचा भाता ओढला, आणि सगळं सभागृह गायला लागलं. सदानंद माझ्याकडे असा पाहत होता, जणू त्याची विडी मीच ओढून टाकली होती. संध्याकाळी मला चेनचं बायबल मिळालं. चेन तीन वेळा उघडून मिटली आणि चौथ्या वेळी अडकली.

उचलली जीभ लावली टाळ्याला, पण जिभेच्या मागून टपाल निघतं हे मला माहीत नव्हतं. लोंढेसाहेबांनी त्याच दिवशी टाकळीच्या पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, पत्र लिहिलं आणि घाट उतरणाऱ्या माणसाबरोबर हातोहात पाठवून दिलं. मला ते दुसऱ्या दिवशी निघताना सांगितलं, शाबासकी देत. एसटीत मला आणखी एक गोष्ट आठवली. त्या शनिवारी मी तापाने अंथरुणात होतो. दोन दिवस उठलोही नव्हतो, आणि हे आईला पक्कं माहीत होतं. ती एक वाक्य बोलली असती तर मी चोर नाही हे कळलं असतं, आणि मी काय आहे हेही.

घरी पोहोचलो तर ओटीवर पाळकसाहेब आणि दोन पंच बसलेले. वडील खुर्चीत. लोंढेसाहेबांचं पत्र स्टुलावर, वर चष्मा ठेवलेला. आई दारात कपबशा घेऊन उभी होती. मी पिशवी न ठेवताच उभा राहिलो आणि वाट पाहू लागलो. गणितात तीन गुण कमी पडले तर छडी काढणारे माझे वडील आता काय काढतात ते मला कळेना.

त्यांनी काहीच काढलं नाही. ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. असं त्यांनी मला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, जणू मी नव्याने भरती झालेला विद्यार्थी आहे.

"किल्ली कुठून घेतलीस?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या खुंटीवरची."

"आणि विहिरीत टाकलास."

"हो."

आईच्या हातातल्या बशा वाजल्या. मी तिच्याकडे पाहिलं. आता बोलेल, असं वाटलं. पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती, वडिलांकडे पाहत होती.

पाळकसाहेब म्हणाले, की बुडी मारणारा माणूस राहुरीहून बोलावता येईल. वडिलांनी हात वर केला. "कशाला? विहीर खोल आहे, गाळ आहे. पोराने पश्चात्ताप केला, देवाने क्षमा केली. आपण कोण उकरून काढणारे?"

पंच हळहळले, चहा प्याले आणि गेले. मला जेवायला वाढलं गेलं. छडी कोपऱ्यातच राहिली. रात्री मी पांघरुणात तोंड घालून रडलो, कारण मला वाटलं माझ्या कडक वडिलांनी मला पदरात घेतलं. या रडण्याची मला आजही जितकी लाज वाटते तितकी त्या खोट्या साक्षीची वाटत नाही.

रविवारी वडील माझ्या खांद्यावर हात ठेवून मंडळीपुढे उभे राहिले. हात जड होता. बायबलातल्या त्या बापासारखा माझाही उधळा पुत्र परत आला आहे, असं ते म्हणाले, आणि आवाज बरोबर जिथे कापायला हवा तिथे कापला. मग याकोबबाबाला लिंबाखालून आत बोलावलं. पंचांनी त्याची माफी मागावी असं कुणाच्या मनात आलं नाही. उलट त्यालाच सांगण्यात आलं, की याकोबा, लेकराला क्षमा कर. म्हाताऱ्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याला किल्ली, दोर आणि खोली परत मिळाली. त्या दिवशी प्रभुभोजन स्टीलच्या पेल्यात झालं, आणि त्यातून तो दीड महिन्यांनी पहिल्यांदा प्यायला.

सगळे गेल्यावर त्याने मला घंटेपाशी बोलावलं. तो दोर तपासत होता. उंदरांनी एका ठिकाणी कुरतडला होता तिथे सुतळी गुंडाळत तो बोलू लागला.

"शनवारी तू तापानं फणफणला व्हतास," तो म्हणाला. "तुझ्या आईनंच मला डागदराकडं धाडलं. म्या मागल्या दारानं आलो तर मोरीवर बसलेली, हात चिंचेनं बरबटल्याले. म्हनली, याकोबबाबा, पळा. म्या पळालो. डागदर आला तवा तुला धड डोळं उघडता येत नव्हतं."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तू नाय घेतला प्याला."

"नाही."

"मग का बोललास?"

माझ्याकडे उत्तर होतं. चेनच्या बायबलसाठी. तीन शब्दांचंही नाही. पण त्याने माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. सुतळीची गाठ मारून त्याने दाताने तोडली.

"माझ्यासाठी बोललास," तो म्हणाला. "म्हातारा बाहीर बसतो, त्याला घर ऱ्हानार नाय, म्हनून सोताच्या अंगावर घेतलंस. लेकरा, खोटं बोलनं देवाला आवडत नाय. त्याच्याशी म्या बोलून घेईन. पन तीस वरसांत माझ्यासाठी कुनी खरंबी बोललं नव्हतं."

आणि त्याने दोर माझ्या हातात दिला. मी घंटा वाजवली. त्यानंतर तो मरेपर्यंत, मी गावात असलो की शेवटचा टोल मला मारायला द्यायचा. बाकी टाकळी मला प्याला चोरणारा म्हणून ओळखत होती. दानाची थाळी माझ्या रांगेतून जरा घाईने पुढे सरकायची. वडील दरवर्षी शिबिराच्या सुमारास एकदा तरी उपदेशात उधळा पुत्र आणायचे आणि तेव्हा अर्धी मंडळी मान वळवून माझ्याकडे बघायची. मॅट्रिक झालो आणि गाव सोडलं. पुढे वजनमापे खात्यात निरीक्षक झालो. लोकांच्या खोट्या तराजूंत बोट घालण्यात पस्तीस वर्षं गेली, आणि त्या कामात मला फार शिकावं लागलं नाही.

वडील गेले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. याकोबबाबा त्याच्या आधीच गेला होता. दहाव्या दिवशी वडिलांची पत्र्याची ट्रंक आवरत होतो. वर त्यांचा लग्नातला कोट, मग पंचमंडळाच्या इतिवृत्ताच्या वह्या, आणि तळाशी माझ्या बाप्तिस्म्याच्या टॉवेलात गुंडाळलेला तो प्याला. मी तो उजेडात धरला. काठाशी आणि बुडाशी थोडी चांदी होती. मधलं सगळं अंग पिवळं होतं.

आई मागे उभी होती.

"हे स्वतःच घरी घेऊन आले होते," ती म्हणाली. "ईस्टरला लखलखायला हवा म्हणाले. मी चिंच लावून, राख लावून घासला. घासता घासता चांदीच गेली. नुसता मुलामा होता रे, आत पितळ."

"मग?"

"मग काय? जन्मभर शुद्ध चांदी म्हणून सांगत आलेले. लोकांना काय तोंड दाखवणार होते?"

"आणि याकोबबाबा?"

तिने पदर तोंडाला लावला. मी विचारलं, आणि मी? लोंढेसाहेबांचं पत्र आलं तेव्हा वडील काय म्हणाले?

"म्हणाले," आई म्हणाली, "पोराला देवानेच बुद्धी दिली."

मी तो प्याला घेऊन आलो. गाजावाजा केला नाही. ज्यांना सांगायचं होतं ते सगळे मातीखाली होते. आई तेवढी जिवंत होती, पण तिने आयुष्यभर वडिलांकडेच पाहिलं होतं, तिला आता आणखी काय दाखवायचं. याकोबबाबाने चिंचेने बरबटलेले हात पाहिले होते. त्यावरून त्याला पुढचं कळलं होतं की नाही, हे मला माहीत नाही. कळलं असेल तर तो माझ्याहून, वडिलांहून आणि लोंढेसाहेबांच्या रुमालाहून फार मोठा माणूस होता. नसेल कळलं तरी होताच.

त्या वर्षापासून मी कृपागिरीच्या शिबिराला आठ दिवसांचा शिधा पाठवतो. तांदूळ, डाळ, तेल, साखर, सगळं. ज्यांना मी ओळखतो त्यांना हसू येतं, कारण त्या शिबिराबद्दल माझं मत त्यांनी ऐकलेलं असतं. सदानंद वाघचौरे आता मोठा सुवार्तिक आहे. त्याच्या सभांना मंडप लागतो आणि विडीची आता दारू झाली आहे.

गेल्या महिन्यात शिबिराचे नवे प्रमुख माझ्याकडे आले होते. रेव्हरंड अनुग्रह पाटोळे, तिशीचा मुलगा, जीन्स, पाठीवर लॅपटॉपची बॅग. स्मरणिका काढतोय म्हणाला. देणगीदारांनी प्रत्येकी दोन ओळी लिहायच्या, मी का देतो. त्याने यादी दाखवली. त्यात बिशप होते, दोन सर्जन होते, अमेरिकेतलं एक कुटुंब होतं, आणि मधेच, माझ्या सांगण्यावरून दरवर्षी छापतात तसं, माझ्या नावाऐवजी 'कै. याकोब रावजी साळवे, घंटावाला, टाकळी' असं नाव होतं.

"हे तुमचे कोण, काका?" त्याने विचारलं.

"मला क्षमा केली होती त्यांनी."

त्याने मान डोलावली आणि ते लिहून घेतलं. मग टेबलावरच्या प्याल्याकडे त्याचं लक्ष गेलं. मी त्यात पेनं ठेवतो. छान जुना पीस आहे म्हणाला, पितळी का? मी म्हणालो, पितळीच, पहिल्यापासून. तो हसला आणि चहा पीत यंदाचे बदल सांगू लागला. ट्रेकिंग ठेवलंय, समुपदेशक येणार आहेत. आणि साक्षीचा तास यंदापासून बंद.

"का?"

"काका, खरं सांगू? मुलं खोटं बोलतात," तो म्हणाला. "गुण बंद केले तरी बोलतात. न केलेली पापं सांगतात. ऐकवत नाही."

मुलगा हुशार होता. आमच्या काळात याच्यासारखा एकजण असता तर मला ती चेन मिळाली नसती, मी टाकळीत चोर झालो नसतो, माझ्या वडिलांना देवाने बुद्धी दिली नसती, आणि एक जूनला दोन म्हातारी माणसं बोचकं घेऊन रस्त्यावर उभी राहिली असती.

"तास बंद केलात तर माझा शिधा बंद," मी म्हणालो.

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग त्याने माझं तोंड पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"पण सगळं खोटं असतं, काका."

"सगळंच असतं. मी चाळीस जणांचं ऐकलंय. पण एवढी पोरं खोटं बोलत असतात, त्यातलं एखादं चुकून कुणाच्या तरी कामी पडतं. खऱ्याचं मी तसं पाहिलं नाही."

स्मरणिकेच्या त्या दोन ओळी मी त्याला दिल्याच नाहीत. तासाचं मात्र त्याने कबूल केलं, आणि तांदूळ मी कालच पाठवले.